पावणेदोन वर्षांचा भाऊ

जुल्फिकारने आल्या आल्या पाणी मागितलं, तेव्हाच महरुन्निसाच्या लक्षात आलं की भाऊ काहीतरी मागायला आला आहे आणि ते पाणी नाही. लहानपणापासून त्याची हीच रीत. गूळ हवा असला तरी हा आधी पाणी मागायचा. पेला हातात धरून उभा राहायचा आणि समोरच्याने आपण होऊन गुळाचा डबा उघडेपर्यंत घोट घोट पीत राहायचा. आता बेचाळीस वर्षांचा झाला, महाडच्या कारखान्यांचा माल नेणारे दोन ट्रक त्याच्या नावावर झाले, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठला, तरी पेला धरून उभं राहणं काही सुटलं नव्हतं.

"बस आधी," ती म्हणाली. "आणि खिशातलं काढ. मघापासून तीनदा चाचपलंस."

जुल्फिकार पडवीतल्या बाकावर टेकला. समोरच्या खाटेवर महरुन्निसाची सासू आलिमाबी तसबीहचे मणी ओढत बसली होती. आत रिम्शा, महरुन्निसाची एकुलती एक लेक, तांदूळ निवडण्याचं निमित्त करून दाराजवळ सरकली. घरचा कर्ता पुरुष, महरुन्निसाचा नवरा तौकीर, मस्कतला. त्यामुळे पोलादपूरच्या त्या घरात जे काही ठरायचं ते या तीन बायकांच्यात ठरायचं आणि मग फोनवर त्याला कळायचं.

नव्व्याण्णव सालचा जानेवारी संपत आला होता. रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले होते.

"मुंबईचा रिपोर्ट आला," जुल्फिकार म्हणाला. "वीस पेशी मोजल्या. अठरा बाईच्या निघाल्या, दोन बाप्याच्या."

"बाईच्या म्हणजे रे?" आलिमाबीने विचारलं.

"आपाच्या. रक्त आता तिचंच हाय ना माझ्यात. पेशी बघितली की कळतं म्हणे, बाईची की बाप्याची. अठरा तिच्या, दोन माझ्या जुन्या." त्याने पेला दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या त्या वाईट."

दाराशी रिम्शाचा हात सुपात थांबला.

सगळ्यांनाच मागचं आठवलं. तीन वर्षांपूर्वी जुल्फिकारला रक्ताचा कर्करोग निघाला होता. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हाडातला मगज बदलावा लागेल आणि तो सख्ख्या भावंडाचाच जुळण्याची आशा जास्त. चार भावंडांत एकट्या महरुन्निसाचा जुळला. सत्त्याण्णव सालची बकरी ईद झाली आणि पंधराएक दिवसांनी तिच्या कमरेच्या हाडातून मगज काढून भावाला दिला गेला. पुढे पंधरा दिवस तिला पाटावर बसता येत नव्हतं. त्याचे केस गेले, दाढी गेली, तो काचेच्या खोलीत महिनाभर राहिला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा रक्तगटसुद्धा बहिणीचा झाला होता.

"म्हणजे मामू, परत आलं का ते?" रिम्शाने विचारलं.

"परत आलं नाय. पुरतं गेलंच नव्हतं. टोप घासला तरी तळाला खरवड राहते, तसं राहिलं." मग पाण्याचा एक घोट घेऊन त्याने उरलेलं एका दमात सांगून टाकलं. "आपाच्या पांढऱ्या पेशी पुन्हा लागतील. ह्या वेळी हाडातून नाय, हातातून, यंत्राने. त्यांनी माझ्या ह्या दोघांना हुडकायचं आणि भांडून हाकलायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं भांडण माझ्याशीपण होईल, व्हायलाच हवं. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, तर समजायचं औषध लागू पडलं. फार पेटलं तर त्या आवरतील."

"भांडायचंच असेल तर मुंबई कशाला?" महरुन्निसा म्हणाली. "इथंच भांडते."

तो हसला. पेला आता रिकामा झाला होता. "पंधरा दिवसांत या म्हणाल्यात. आत्ता दोन हायत. थांबलो तर वाढतील."

"येते. तारीख सांग."

एवढंच. भाऊ आठ दिवस मनात घोळवत होता ते काम अर्ध्या मिनिटात झालं. मग चहा आला, त्याच्याबरोबर खारी आली आणि जुल्फिकारची जीभ मोकळी झाली. नवं रक्त लहान मुलासारखं असतं, त्याला जुन्या लसी आठवत नाहीत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला बाळांच्या लसी नव्याने घ्यायला लावल्या होत्या. महाडच्या सरकारी दवाखान्यात तो लेकुरवाळ्या बायकांच्या रांगेत बसला होता, ती गोष्ट त्याने पुन्हा सांगितली.

"नर्स म्हणाली, बाळ कुठाय? मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, दंडावर देऊ की मांडीवर?"

रिम्शा खुदखुदली. महरुन्निसाने ही गोष्ट चारदा ऐकली होती, तरी हसली.

आलिमाबी हसली नाही. "आता किती वयाचं झालं म्हणायचं तुझं रक्त?"

"पावणेदोन वर्षांचं," जुल्फिकार कौतुकाने म्हणाला.

आलिमाबीच्या बोटांत तसबीहचा मणी तिथंच राहिला.

जुल्फिकार चारच्या एसटीने महाडला गेला आणि आलिमाबीने सुनेला हाक मारली.

"महरुन्निसा, दूधपित्या पोराची मुदत किती?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षांच्या आत ज्या बाईचं दूध पोटात गेलं ती त्याची कोण?"

"आई." महरुन्निसाने हातातली बशी खाली ठेवली. म्हातारी कुठे निघाली आहे ते तिला दिसायला लागलं होतं.

"डॉक्टरच म्हणतात, तो बाळ हाय. पावणेदोन वर्षांचा. तुझ्या अंगातलं काढून त्याच्या अंगात घालतात आणि त्याच्यावर तो वाढतो. मग तो तुझा कोण झाला? आणि तो तुझा मुलगा झाला तर रिम्शा त्याची कोण झाली? आणि आदिलची?"

आदिल म्हणजे जुल्फिकारचा मुलगा. रिम्शाशी त्याची मंगनी होऊन वर्ष होत आलं होतं. निकाह तौकीर सुट्टीवर येईल तेव्हा, मे महिन्यात. महरुन्निसाने मनातल्या मनात नाती लावून पाहिली. भाऊ जर दूधमुलगा, तर रिम्शा त्याची दूधबहीण, म्हणजे आदिलची फुफी, आत्या. फुफीशी निकाह होत नाही.

"अम्मा, कायतरीच," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

आलिमाबी कुजकट बाई नव्हती. असती तर महरुन्निसाला सोपं गेलं असतं, उलटून बोलता आलं असतं. पण म्हातारीने आपल्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली, जी आजवर कधी सांगितली नव्हती. बहिणीचा निकाह ठरला होता, मांडव पडला होता आणि आदल्या दिवशी शेजारच्या गावची एक बाई येऊन म्हणाली, ह्या दोघांनाही मी तान्हेपणी पाजलंय. झालं. मांडव उतरला. बहीण पुढे दुसरीकडे नांदली, पण तिने कधी मेंदी लावली नाही.

"पहिल्यांदा दिलंस ते नकळत दिलंस," आलिमाबी म्हणाली. "ते अल्ला माफ करील. आता जाणून देऊ नको. मी कुठं म्हणते देऊच नको? थोडं थांब. बकरी ईद होऊ दे, वर पंधरा दिवस जाऊ दे. त्याच्या रक्ताला दोन वर्षं पुरी होतील. मग खुशाल दे. पोरीचंपण राहील आणि भावाचंपण."

म्हातारीने आपल्या हिशेबाने दोघांना वाचवलं होतं. महरुन्निसाने बोटं मोजली. बकरी ईद मार्चच्या शेवटी, वर पंधरा दिवस. म्हणजे अडीच महिने.

आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या पंधरा दिवस.

चार दिवस ती नुसती घरात फिरत राहिली. भाकरी थापताना पीठ हाताला चिकटलं तरी कळेना. रिम्शाकडे बघवत नव्हतं. पोरगी मेंदीचे नमुने वहीत काढत होती. भावाची आठवण काढली की त्या दोन पेशी डोळ्यांपुढे यायच्या. तिला त्या काळ्या, मिरीच्या दाण्यांएवढ्या दिसायच्या. दोनच तर आहेत, ती स्वतःला सांगायची. अठरा माझ्या आहेत. अठराजणी दोघांना धरून ठेवणार नाहीत का अडीच महिने?

पाचव्या दिवशी जुल्फिकारचा फोन आला. तारीख मिळाली होती, दहा फेब्रुवारी.

"मला बरं नाय रे," ती म्हणाली. "अंगात कणकण हाय. अशक्तपणापण आलाय. बकरी ईद होऊ दे, मग जाऊ."

तो म्हणाला, "बरं, आपा. तू जप."

त्याने कारण विचारलं नाही, आग्रह केला नाही. फोन ठेवल्यावरही महरुन्निसा रिसिव्हरवर हात ठेवून उभी राहिली. भांडला असता तर बरं झालं असतं, तिला वाटलं.

त्यानंतर आठवडा गेला. वरच्या वाडीतली येसूबाई रोज सकाळी दूध घालायला यायची. वीस वर्षांचा रतीब, त्यामुळे या घरातलं तिला न सांगताही कळायचं. आलिमाबीला कोणाशी तरी बोलायचं होतंच. तिने येसूबाईला सगळं समजावून सांगितलं. बाळ, दूध, दोन वर्षं, फुफी.

येसूबाईने माप दुधात बुडवून ठेवलं आणि शांतपणे ऐकलं.

"आन् दुधानं नातं होतं म्हंता?"

"होतं तर."

"मग आजीबाय, अर्ध्या पोलादपुराला मी पाजलंय," येसूबाई म्हणाली. "ही रिम्शापण माज्या म्हशीवर वाढलीय. कोनकोनाची लग्नं मोडायची सांगा, उद्यापास्नं म्हशीला घेऊनच येतंय."

रिम्शा आत फिस्सकन हसली. आलिमाबीने "तुला नाय कळायचं गो ते" म्हणून येसूबाईला वाटेला लावलं. पण महरुन्निसाला त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या भीतीला बाहेरून बघितल्यासारखं झालं. त्याचबरोबर हेही लक्षात आलं की या गोष्टीवर आपण सासूचं ऐकलं, म्हशीवालीचं ऐकलं, पण ज्यांना विचारायचं त्या काझीसाहेबांना विचारलंच नाही. का? कारण ते "हराम" म्हणाले तर अडीच महिन्यांचीसुद्धा आशा राहिली नसती.

दुपारी आदिल आला. ट्रक घाटातून परत येत होता, तर आईने दिलेले सुके बोंबील पोचवायला उतरला होता. तेवीस वर्षांचा, बापासारखाच कमी बोलणारा. रिम्शा समोर आली की हा छताकडे बघायचा.

"अब्बा कसे हायत?" महरुन्निसाने विचारलं.

"बरे हायत. एक छोटी गोळी चालू होती, नव्या रक्ताला शांत ठेवायची, ती डॉक्टरांनी बंद केली. म्हणाल्या, तुम्हाला बरं वाटेपर्यंत आतल्या पेशी आपणहून भांडतात का बघू." आदिल छताकडे बघत होता. "अब्बा रोज सकाळी उजेडात तळहात बघतात. पुरळ आलं का म्हणून. मला पण दाखवतात. काल म्हणाले, आपा अजून रागावलेली दिसत नाय."

"आणि पेशी?"

"परवा नुसतं रक्त तपासलं. पांढऱ्या जरा वाढल्यात." तो उठला. "फुफी, तुमचा ताप उतरला का? अब्बांनी विचारायला सांगितलं, पण असं विचारू नको की तिला घाई केल्यासारखं वाटेल, म्हणाले."

महरुन्निसा स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडाला लावून थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मला बिरवाडीला सोड. काझीसाहेबांकडे."

"आत्ता? ट्रकमधनं?"

"हो. अम्मा, मी जाऊन येते."

आलिमाबीने सुनेकडे पाहिलं आणि तसबीह पुन्हा ओढायला घेतली.

काझीसाहेब म्हातारे होते, महाडच्या मशिदीतलं काम सोडून बिरवाडीला मुलाकडे राहायला आले होते. मुलाने घराच्या मागे चार खोल्या बांधून कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या होत्या, त्यामुळे अंगणभर निळे गणवेश वाळत होते. त्या गणवेशांच्या सावलीत खुर्ची टाकून काझीसाहेब बसले होते. आदिल ट्रकपाशी थांबला. महरुन्निसाने सगळं सांगितलं, रिपोर्टपासून म्हशीपर्यंत. सोबत आणलेलं काहीच नव्हतं, नुसते शब्द, आणि तेही अडखळत.

काझीसाहेबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "तुमच्या भावाचं वय काय?"

"बेचाळीस."

"मग?"

"पण रक्त पावणेदोन वर्षांचं. आणि काझीसाहेब, ते हाडातच घातलंय. दुधानेपण हाडच वाढतं ना?"

म्हाताऱ्याच्या दाढीत हसू हललं. "तुम्ही विचार पुष्कळ केलाय. बरं, एक सांगा. भाऊ नमाज पढतो?"

"पढतो. पाचही."

"बाळावर नमाज फर्ज नसतो. तो स्वतःला बाळ समजत नाही, मग तुम्ही का समजता?" मग ते गंभीर झाले आणि एकेक शब्द सावकाश बोलले. "रक्ताचं वय डॉक्टर मोजतात, ते त्यांच्या कामासाठी. माणसाचं वय तो आईच्या पोटातून आल्यापासून. दुधाचं नातं हे खऱ्या तान्ह्या बाळाचं आणि खऱ्या दुधाचं. रक्त दिल्याने, मगज दिल्याने, कोणी कोणाची आई होत नाही. नवरा बायकोला रक्त देतो, तेव्हा निकाह मोडतो का? जुल्फिकार तुमचा भाऊ होता, भाऊच आहे. आदिल आणि रिम्शाच्या मध्ये काही आलेलं नाही. मी लिहून देऊ?"

"द्या," महरुन्निसा म्हणाली. "अम्मांना वाचून दाखवीन."

त्यांनी वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या, सही केली. कागद देताना म्हणाले, "विचारायला यायला किती दिवस लावलेत?"

"बारा-तेरा."

"जीव वाचवायचं काम थांबवून?"

तिने कागदाची घडी केली.

"त्याची माफी माझ्याकडे नाही," काझीसाहेब म्हणाले. "ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा."

आदिलने तिला महाडला आणलं तेव्हा दिवेलागण व्हायची होती. जुल्फिकारचं घर काकरतळ्यात. पुराचं पाणी दर दोन-तीन वर्षांनी ओटीवर यायचं म्हणून घरातली सगळी कपाटं विटांवर उभी होती. जुल्फिकार खिडकीशी बसला होता. बहिणीला पाहून तो उठला आणि आधी तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाय," तो म्हणाला.

"नव्हताच."

"माहीत हाय. तुला जन्मात कधी ताप आलाय?"

"मग विचारलं का नाय?"

तो खाली बघू लागला. "मला वाटलं, एकदा दिलंस, आता कंटाळलीस. माणूस किती देईल? कमरेतून दिलंस, आता हातातून मागतो, उद्या आणखी कुठून मागेन. मागायची लाजच वाटते, आपा. म्हटलं, येईल तेव्हा येईल."

महरुन्निसाने त्याला सगळं सांगितलं. दूध, दोन वर्षं, आलिमाबीची बहीण, खोटा ताप. सांगता सांगता ती रडली, आणि जुल्फिकारचा चेहरा आधी कोरा राहिला, मग हळूहळू वाकडा व्हायला लागला. तिला वाटलं तोही रडतोय. पण तो हसत होता. हसता हसता त्याला खोकला लागला आणि आदिलची आई पाणी घेऊन धावत आली.

"म्हणजे रिम्शा माझी बहीण?" तो कसाबसा म्हणाला. "आणि आदिलची फुफी? आणि ही," त्याने बायकोकडे बोट केलं, "ही तुझी सून? मग ऊठ गो, सासूचे पाय दाब."

"हसतोस काय?" महरुन्निसा म्हणाली. "पेशी वाढल्या ना माझ्यामुळं."

"वाढल्या तर वाढल्या. तू आलीस ना आता."

"रागव तरी."

"मला कुठं येतं रागवायला? ते काम तुझ्या पेशींचं."

आठ दिवसांनी दोघं मुंबईला गेली. ह्या वेळी तिला भूल दिली नाही की कमरेत सुया टोचल्या नाहीत. दोन्ही हातांत नळ्या, एका हातातलं रक्त यंत्रात जायचं, यंत्र त्यातल्या हव्या त्या पेशी बाजूला काढायचं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत द्यायचं. तीन तास हात हलवायचे नव्हते. नाक खाजलं की जुल्फिकार शेजारी बसून तिचं नाक खाजवून द्यायचा. मध्येच तिच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या. यंत्रातल्या औषधाने तसं होतं, म्हणत नर्सने एक गोळी दिली आणि वर पेलाभर दूध आणून नळीने पाजलं.

दुधाचा पेला बघून भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिलं. नर्सला कळेना, एवढं हसण्यासारखं काय झालं. "हलू नका," ती दटावून म्हणाली, "यंत्र ओरडेल."

शेवटी भरली ती पिशवी तळहाताएवढी. डॉक्टरीणबाईंनी त्यातला थोडाच भाग जुल्फिकारला दिला, बाकीचा गोठवून ठेवला. एकदम सगळ्या सोडल्या तर फार भांडतील, त्या म्हणाल्या. कमी पडल्या तर पुढे देऊ. तेवढं अंगात जायला पाच मिनिटंही लागली नाहीत. जुल्फिकार हाताकडे टक लावून बघत होता.

"काय वाटतं?" महरुन्निसाने विचारलं.

"काय नाय. घरात पाहुणे आले आणि अजून चपला काढतायत."

मग वाट बघणं आलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, बकरी ईद झाली. दर चार दिवसांनी महरुन्निसा फोन करायची आणि पहिला प्रश्न तळहाताचा. काही नाही. आलिमाबीने काझीसाहेबांची चिठ्ठी रिम्शाकडून तीनदा वाचून घेतली होती, मग घडी करून कुराणाच्या कापडी गिलाफात ठेवली होती. त्यावर ती काही बोलली नव्हती, पण दर जुम्म्याला जुल्फिकारच्या नावाने दुआ करत होती, आणि तीही मोठ्याने, सुनेला ऐकू जाईल अशी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी साडेसातलाच फोन वाजला.

"आपा," पलीकडून जुल्फिकार म्हणाला, "तळहात खाजतायत. लाल झालेत. कानामागंपण. आणि तोंड आलंय, चहा झोंबतो."

"खरं सांग."

"आदिलला विचार. घरात सगळ्यांना दाखवून झालं. समोरच्या सदूलापण दाखवलं. तो म्हणाला, मिरच्या खाल्ल्यास का?"

एवढ्या आनंदाने कोणी कोणाच्या पुरळाची बातमी ऐकली नसेल. "खाजवू नको," ती म्हणाली. "आणि डॉक्टरीणबाईंना लगेच फोन कर, आवरायचं असेल तर आवरतील."

"केला. मलम दिलंय, गोळी दिलीय. म्हणाल्या, जेवढं हवं तेवढंच भांडण दिसतंय." मग हसून म्हणाला, "तू भांडतेस तसंच. आधी चांगलं झोंबतं."

मेमध्ये तौकीर आला आणि आदिल-रिम्शाचा निकाह झाला. नवरामुलगा छताकडे बघत होता, पण मांडवाला छत नव्हतं, त्यामुळे नाइलाजाने त्याला नवरीकडे बघावं लागलं. जुल्फिकारने बिर्याणी खाल्ली नाही, तोंडातल्या फोडांना झोंबली असती; तो एका कोपऱ्यात दहीभात खात बसला आणि सगळ्यांना तळहात दाखवत राहिला.

रिपोर्ट जुलैत आला. वीस पेशी मोजल्या होत्या. वीसच्या वीस बाईच्या.

जुल्फिकार तो कागद घेऊन पोलादपूरला आला तेव्हा सावित्री नदीला पूर असल्यामुळे एसटी दोन तास महाडमध्येच थांबली होती, आणि तो ओला, भुकेला आणि खूश होता. ह्या वेळी त्याने पाणी मागितलं नाही. सरळ खिशातून लिफाफा काढला आणि आलिमाबीच्या मांडीवर ठेवला.

"वीस, दादी," तो म्हणाला. रिम्शाच्या नात्याने तोही तिला दादीच म्हणायचा.

आलिमाबीने लिफाफा उघडला नाही. तो डोळ्यांना लावला, उशाखाली ठेवला आणि सुनेला हाक मारली. "महरुन्निसा, पातेल्यातलं आण."

महरुन्निसा सांदणं घेऊन आली. पांढरी, मऊ, वर वाफ. सोबत नारळाचं दूध, साखर घातलेलं. तो आज येणार हे कळल्यावर म्हातारीने पहाटेच तांदूळ वाटायला लावले होते आणि कशासाठी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"हे काय?" जुल्फिकारने विचारलं.

"दूध छुडाई," आलिमाबी म्हणाली. "दोन वर्षं झाली की पोराचं दूध तोडतात, चार माणसांत अन्न भरवतात. तुझी तारीख एप्रिलमध्येच झाली. पण पोराला बरं नसलं की पुढं ढकलतात, म्हणून थांबले. आता बरा हायस."

"दादी, काझीसाहेबांनी लिहून दिलंय, मी बाळ नाय म्हणून."

"काझीसाहेबांना नाय माहीत तू किती हट्टी होतास," महरुन्निसा म्हणाली.

आलिमाबीने सांदणाचा तुकडा मोडला, नारळाच्या दुधात बुडवला आणि हात पुढे केला. "चुकलं माझं," ती इतक्या हळू म्हणाली की फक्त त्यालाच ऐकू गेलं. "आ कर."

जुल्फिकारने बहिणीकडे पाहिलं. मग बेचाळीस वर्षांचा, दोन ट्रकांचा मालक, एका सुनेचा सासरा असलेला तो माणूस खाटेसमोर उकिडवा बसला आणि त्याने तोंड उघडलं.

"झोंबतं का?" महरुन्निसाने विचारलं.

त्याने घास गिळला, जीभ तोंडात फिरवून पाहिली.

"नाय," तो म्हणाला. "आणखी हाय?"